पद्मिनीचे इंजिन घरी बांधायचे, तर घरी नेमके किती आणि लेथवर किती?

गावठाण

नमस्कार. आमच्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी नवी घेतलेली ही गाडी गेली काही वर्षे साताऱ्याच्या घरी शेडमध्ये असते. अधूनमधून सुरू करून गावातल्या गावात फिरवत असल्यामुळे इंजिन जाम झालेले नाही, पण ते आता तेल खाते, चढावर निळा धूर सोडते आणि पिकअप जवळजवळ गेला आहे. जवळच्या गॅरेजमध्ये दाखवली असता ‘फुल इंजिन करावे लागेल’ एवढेच उत्तर मिळाले. काय झिजले आहे आणि किती, हे मोजून सांगायची तयारी तिथे कोणी दाखवली नाही, आणि माझे समाधान न होण्याचे कारण नेमके हेच आहे.

माझे मत असे की हे इंजिन ज्याला पाने धरता येतात आणि धीर आहे, अशा माणसाला घरी खोलून पुन्हा बांधता यावे. १०८९ सीसी, चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचे हेड, ब्लॉकमध्येच बसणारा आणि साखळीवर फिरणारा कॅमशाफ्ट, पुशरॉडने उघडणारे व्हॉल्व्ह आणि साधा कार्ब्युरेटर, अशी सगळी रचना डोळ्यांना दिसणारी आहे. माझ्याकडे शेड आहे, बॉक्स पान्यांचा चांगला संच आहे आणि सर्व्हिस मॅन्युअलची प्रत आहे. टॉर्क रेंच घेणार आहे.

ज्यांनी हे काम स्वतः केले आहे किंवा व्यवसाय म्हणून केले आहे, त्यांनी कृपया सांगावे: घरी काय करावे, लेथवाल्याकडे काय द्यावे, आणि खोलण्याआधी काय तपासावे?

सारथी

एकही बोल्ट सैल करण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा आणि चारही आकडे इथे द्या. त्याशिवाय सगळा सल्ला अंदाजाचा राहील.

निवृत्त_फिटर

सारथी यांच्याशी सहमत. मुंबईत टॅक्सीच्या कामात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे या इंजिनाविषयी थोडे अधिकाराने लिहितो.

आधी धूर ओळखायला शिका. सकाळी पहिल्यांदा सुरू करताना निळ्या धुराचा एक लोट येतो आणि मग धूर थांबतो, तर तेल बहुधा व्हॉल्व्हच्या गाइडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्यातून) रात्रभर झिरपलेले असते. अशा वेळी फक्त हेड उतरवून काम भागते. चढावर, जोर घेताना धूर सतत येतो आणि तेल भरायची टोपी काढल्यावर तिथूनही वाफारा येताना दिसतो, तर पिस्टनवरच्या रिंगा आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, यांच्याकडे पाहावे लागते. काळा धूर कार्ब्युरेटरचा असतो. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

कॉम्प्रेशन मोजताना इंजिन चांगले तापलेले असू द्या, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, चारही प्लग काढा, इग्निशन कॉइलची वायर सोडवून ठेवा आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा. आकडे लिहून घ्या. मग जो सिलिंडर कमी दाखवतो त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि पुन्हा मोजा. दाब चांगला वाढला तर तेलाने रिंगेची फट तात्पुरती भरून काढली, म्हणजे दोष रिंगेचा किंवा बोअरचा आहे. दाब तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील, तर त्या दोघांमधल्या पट्टीवर गॅस्केट फुटलेले असते.

हेड उतरवायचे ते इंजिन पूर्ण थंड असतानाच. गरम असताना नट सोडले की अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते, आणि मग नको असलेल्या कामाचा खर्च पदरात पडतो.

रानवाटा

फुल काम कशासाठी? नव्या रिंगा टाका, व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवा, नवे गॅस्केट घाला आणि गाडी चालवा. आमच्याकडे ट्रॅक्टरचे काम नेहमी असेच करतात आणि दोन-तीन हंगाम आरामात निघतात.

उद्यमनगरी

रानवाटा, तुमचा मार्ग काही वेळा बरोबर ठरतो, पण बोअर किती झिजला आहे हे मोजल्याशिवाय तो निवडता येत नाही. माझे कोल्हापूरच्या उद्यमनगरात मशीन शॉप आहे आणि ‘नुसत्या रिंगा टाकल्या होत्या’ असे सांगत आलेले ब्लॉक मी सतत पाहतो.

सिलिंडर सारखा झिजत नाही. सर्वांत जास्त झीज वरच्या टोकाला होते, कारण तिथे तेल कमी पोचते, उष्णता जास्त असते आणि स्फोटाचा दाब वरच्या रिंगेला भिंतीवर रेटतो. खाली जावे तशी झीज कमी होत जाते, म्हणजे बोअर निमुळता होतो. शिवाय पिस्टन ज्या बाजूला रेलतो त्या बाजूला झीज अधिक, म्हणून तो गोलही राहत नाही. रिंग जिथवर पोचते त्याच्या वर न झिजलेल्या धातूची कड उरते. हेड काढल्यावर त्या कडेवरून नख फिरवा. नख अडकले तर झीज चांगलीच आहे असे समजा. अशा बोअरमध्ये नवी रिंग टाकली, की ती प्रत्येक फेऱ्यात उघडझाप करत राहते, भिंतीला नीट बसत नाही, आणि काही वेळा त्या कडेवर आपटून वरची रिंग तुटते.

आता मूळ प्रश्नाकडे. सिलिंडर बोअर करणे (आतून कापून मोठा करणे) आणि होनिंग (आतल्या भिंतीवर बारीक रेषा पाडणे), क्रँक (पिस्टनची वरखाली हालचाल फिरती करणारा दांडा) ग्राइंड करणे, हेडचा पृष्ठभाग सपाट करणे, नव्या गाइड बसवणे आणि व्हॉल्व्ह सीट कापणे ही पाच कामे लेथवर आणि मशीनवरच व्हायला हवीत. बाकी सर्व, म्हणजे खोलणे, साफ करणे, तपासणे आणि संपूर्ण जुळणी, घरी होऊ शकते. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा: पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअर करायला देऊ नका. पिस्टन मोजून, त्याला लागणारा क्लिअरन्स (फट) धरून बोअर केला जातो. बोअर आधी करून त्या मापाचे पिस्टन बाजारात मिळाले नाहीत, तर तो ब्लॉक पडून राहतो.

मोजपट्टी

उद्यमनगरी यांच्या यादीशी सहमत, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. मोजमाप हे लेथवाल्याचे काम आहे असा त्यांच्या लिखाणातून समज होऊ शकतो. माझ्या मते ते मालकाचे काम आहे. मी मापनाच्या प्रयोगशाळेत काम करते. जो माणूस स्वतः मोजून जातो त्याला दुकानात मिळणारी वागणूक आणि मिळणारे काम, दोन्ही वेगळे असते.

व्हर्नियर इथे पुरत नाही. क्रँकसाठी मायक्रोमीटर हवा आणि बोअरसाठी बोअर गेज. बोअर गेज महाग असल्यामुळे बहुतेक जण तिथेच थांबतात, पण निमुळतेपणा मोजण्याची एक सोपी रीत आहे, जिला फक्त एक रिंग आणि फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) लागतो. एक कॉम्प्रेशन रिंग बोअरमध्ये ठेवा आणि पिस्टन उलटा धरून त्याच्या सपाट माथ्याने ती रिंग खाली ढकला, म्हणजे ती तिरपी न राहता सरळ बसते. प्रथम तिला बोअरच्या तळाशी, जिथे झीज नगण्य असते, तिथे नेऊन दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. मग तीच रिंग वर, कडेच्या लगेच खाली आणून पुन्हा मोजा. व्यास जेवढा वाढतो त्याच्या ३.१४ पट परीघ वाढतो आणि ती सगळी वाढ फटीतच दिसते. समजा खाली फट ०.३० मिलिमीटर आणि वर ०.७० आली, तर फरक ०.४० झाला; त्याला ३.१४ ने भागल्यावर ०.१३ येते, म्हणजे बोअर वरच्या टोकाला साधारण ०.१३ मिलिमीटरने मोठा झाला आहे. बोअर किती अंडाकृती झाला आहे हे या रीतीने कळत नाही, पण रिंगांवर भागेल की पिस्टन बदलावे लागतील, हे ठरवायला एवढे पुरे आहे.

हीच फट नव्या रिंगांचीही तपासायची असते. वरच्या रिंगेसाठी व्यासाच्या हजारामागे चार हा ढोबळ नियम आहे. या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर असल्यामुळे ती सुमारे ०.२७ मिलिमीटर येते. अर्थात मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण. फट फार कमी राहिली तर रिंग तापून फुगल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि बोअरवर ओरखडे उठतात.

सारथी

मोजपट्टी, ही रीत अप्रतिम आहे. प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे.

कुर्ला_पश्चिम

सुट्या भागांविषयी लिहितो, कारण आज या कामातला सर्वांत अवघड भाग तोच आहे. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यात या गाड्या बनत, त्यांचे उत्पादन थांबून दोन दशकांहून जास्त काळ लोटला. तरीही इतकी वर्षे पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट, वॉटर पंप सगळे सहज मिळत राहिले, ते मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली आणि त्याबरोबर रोजचे गिऱ्हाइकही गेले. दुकानदारांकडे आज जो माल आहे तो बराचसा जुना साठा आहे.

कुर्ल्याचा सीएसटी रोड, ऑपेरा हाउसकडची सुट्या भागांची दुकाने आणि पुण्यात नाना पेठ, या तीन ठिकाणी स्वतः जाऊन विचारा. फोनवर ‘नाही’ म्हणणारा दुकानदार समोर जुना भाग ठेवला की माळ्यावरून डबा काढून देतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. जुना पिस्टन आणि जुनी बेअरिंग बरोबर न्या, कारण पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा (मूळ मापापेक्षा किती मोठा) आणि बेअरिंगच्या पाठीवर अंडरसाइजचा (ग्राइंड केलेल्या बारीक क्रँकसाठी) आकडा कोरलेला असतो आणि तुमचे इंजिन याआधी बोअर किंवा ग्राइंड झाले आहे का, हे त्यावरून कळते. चारही पिस्टन दुकानातच काट्यावर घाला. एका डब्यातले पिस्टन वजनाला कमीजास्त निघाले, तर ते घेऊ नका.

मांडवीकाठ

पणजीहून. जुळणी करताना पेट्रोलच्या मार्गातले सगळे रबर बदलून टाका, हा माझा आग्रह आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पद्मिनीच्या काळातल्या नळ्या आणि यांत्रिक पेट्रोल पंपाचा पडदा त्यासाठी बनवलेले नव्हते; रबर आधी फुगते आणि मग चिरते. पंप इंजिनाला लागूनच बसवलेला असल्यामुळे फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल थेट तेलाच्या चेंबरमध्ये उतरून तेल पातळ करू शकते, आणि नव्या बेअरिंगला त्याहून वाईट काही नाही. इथेनॉल ओलावाही ओढून घेते. आमच्याकडे पावसाळ्यात उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरच्या तळाशी पांढरी पूड जमलेली मी पाहिली आहे. हवा-पेट्रोलचे मिश्रणही थोडे पातळ पडते, त्यामुळे जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलचे बारीक छिद्र) तपासून घ्यावा लागतो.

दुसरी शंका अशी की देशभर २००० सालापासून शिशाविरहित पेट्रोल आले आणि ही गाडी त्याआधीची आहे. व्हॉल्व्ह सीट बदलाव्यात का?

निवृत्त_फिटर

मांडवीकाठ, रबराविषयी तुमचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. सीटबद्दल एवढे घाबरू नये. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे त्यात सीट वेगळ्या, कठीण धातूच्या दाबून बसवलेल्या असतात. जी जुनी हेड पूर्ण बिडाची आणि सीट त्याच बिडात कापलेल्या, त्यांना शिशाविना लवकर झीज लागते. शिवाय शिशाविरहित पेट्रोलवर टॅक्स्या दिवसरात्र धावल्याच. एक्झॉस्टच्या सीट खोल गेल्या असतील किंवा सैल असतील तर बदला, एरवी कापून आणि घासून बसवा. टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधली फट) वारंवार कमी होत असेल, तर ती मात्र सीट खोल जात असल्याची खूण समजावी.

अधिवास

विषय इंजिनाचाच आहे म्हणून एक कागदी मुद्दा. ब्लॉक बदलायची वेळ आली, तर इंजिन क्रमांक बदलतो आणि ती नोंद आरसीवर करून घ्यावी लागते. माझ्या परिचयातल्या एकाने भंगारातून चांगला ब्लॉक आणून बसवला, पण त्या ब्लॉकची पावती वा मूळ गाडीचे कागद घेतले नाहीत. पुनर्नोंदणीच्या तपासणीत क्रमांक जुळेना आणि गाडी अडकून पडली. खासगी गाडीची पंधरा वर्षांनंतर आणि मग दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी होते, पर्यावरण कराची पावतीही लागते. काम सुरू करण्याआधी तुमची पुनर्नोंदणी चालू आहे का, हे तपासून घ्या. शक्यतो मूळ ब्लॉकच वाचवा.

लेस्टरचा_मी

इंग्लंडमध्ये माझ्या घराच्या गॅरेजमध्ये मॉरिस मायनरचे १०९८ सीसीचे इंजिन बांधले आहे. रचना पद्मिनीशी बरीच मिळतीजुळती आहे: पुशरॉड, साखळी, तीन मेन बेअरिंगचा क्रँक. इथे सुटे भाग टपालाने घरपोच येतात, ही सोय सोडली तर काम तेच.

खोलण्याचा भाग लोकांना सोपा वाटतो, पण पुढच्या जुळणीचे यश तिथेच ठरते. जाड पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात पुशरॉड ओळीने खोचून ठेवले आणि प्रत्येकाखाली क्रमांक लिहिला. टॅपेटही त्याच क्रमाने डब्यांत ठेवले. कॅमच्या ज्या उंचवट्यावर जो टॅपेट घासून बसलेला असतो, तो तिथेच परत गेला पाहिजे. मेन बेअरिंगच्या आणि कनेक्टिंग रॉडच्या कॅप एकमेकांत कधीही बदलू नयेत आणि उलट्या फिरवू नयेत, कारण त्या आपापल्या जागी बसवूनच मशीन केलेल्या असतात. आधीच खुणा नसतील तर पंचने ठिपके मारून घ्यावेत.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग काढून, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत इंजिन स्टार्टरने फिरवावे. कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर सुरू झाल्यावर लगेच वेग २००० आरपीएमच्या आसपास नेऊन वीस मिनिटे तसाच ठेवावा. आयडलवर सोडले तर कॅमला पुरेसे तेल मिळत नाही. आणि रिंगा बसायच्या असतील तर गाडीला पहिल्या दिवसापासून चढ दाखवावा. हळू हळू चालवण्याचा जुना सल्ला मला पटत नाही.

निवृत्त_फिटर

शेवटच्या वाक्याला माझा विरोध आहे. आम्ही बांधलेली इंजिने पहिले हजार किलोमीटर सांभाळून चालवायला सांगत असू आणि ती पुढे वर्षानुवर्षे चालली. नव्या बेअरिंगला आणि नव्या पिस्टनला थोडी सवड द्यावी लागते. तापलेला नवा पिस्टन बोअरमध्ये धरला, तर सगळी मेहनत वाया जाते.

मोजपट्टी

तुम्ही दोघे दोन वेगळ्या भागांविषयी बोलत आहात असे मला वाटते. रिंगेला भिंतीवर दाबणारा जोर बहुतांशी ज्वलनाच्या दाबातून येतो, म्हणून रिंगा बसायला भार लागतो. नुसते आयडलवर किंवा अगदी हलक्या पायाने चालवले तर होनिंगच्या रेषा रिंग बसण्याआधीच गुळगुळीत होतात आणि इंजिन कायमचे तेल पिऊ लागते. पिस्टन धरण्याचा धोका मात्र सलग उच्च वेगातून आणि उष्णतेतून येतो. म्हणून वेग मध्यम, पाय मात्र अधूनमधून ठाम, मग थोडा वेळ पाय काढून इंजिनाला गार होऊ देणे, असे चालवावे. लांब पल्ल्याचा एकसुरी वेग टाळावा. सुरुवातीला साधे मिनरल २०डब्ल्यू-५० तेल वापरावे आणि ते पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच बदलावे, कारण त्यात धातूचा बारीक कस उतरतो.

निवृत्त_फिटर

अशा मांडणीला माझी हरकत नाही. आमचे टॅक्सीवाले शहरातल्या सिग्नलवरून उचलत आणि थांबत, म्हणजे नकळत तुम्ही म्हणता तसेच होत असे.

रानवाटा

इंजिन बाहेर काढताना शेडच्या वाशाला साखळी बांधू नका. चेन ब्लॉकसाठी वेगळी लोखंडी तिपाई भाड्याने मिळते, ती आणा. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, दोन्ही बाजूंना घोड्या (आधाराचे लोखंडी स्टँड) लावा. क्लचची धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते, ती ओल्या फडक्याने पुसा.

गावठाण

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तपासणी केली, ती अशी.

कॉम्प्रेशन कोरडे, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत: ११८, ११२, ७४, ११५ पौंड (प्रति चौरस इंच). तिसऱ्यात तेल सोडल्यावर आकडा १०८ वर गेला. म्हणजे व्हॉल्व्ह नव्हे, रिंग किंवा बोअर. त्यानंतर इंजिन थंड असताना हेड उतरवले. हेडवर सरळ पट्टी ठेवून पाहिले, तर ०.०५ मिलिमीटरचा फीलर कुठेही शिरत नाही. मग सम्प (इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे) काढून पिस्टन बाहेर घेतले. तिसऱ्याची वरची रिंग दोन तुकडे झालेली निघाली आणि भिंतीवर नखाला लागणारा एक उभा ओरखडा आहे. मोजपट्टी यांच्या रीतीने तिसऱ्या बोअरचा निमुळतेपणा ०.१५ मिलिमीटरच्या आसपास येतो, बाकीच्या तिघांचा ०.०८ ते ०.१०. पिस्टनवर कोणताही ओव्हरसाइजचा आकडा नाही, म्हणजे ब्लॉक आजवर बोअर झालेला नाही.

तिसऱ्या ओरखड्यामुळे नुसत्या रिंगांचा पर्याय संपला असे मी मानतो. चारही बोअर एकाच मापाला करून घ्यायचे, क्रँक मोजायला द्यायचा आणि जुळणी इथे शेडमध्ये करायची, असे ठरवले आहे. पिस्टनच्या शोधात येत्या आठवड्यात नाना पेठेत जातो आहे. उद्यमनगरी, ब्लॉक तुमच्याकडे किंवा इतर कुठे नेताना बरोबर काय न्यावे, आणि परत आणल्यावर जुळणीआधी काय करावे?

उद्यमनगरी

निर्णय योग्य आहे. ओरखडा जिथे सर्वांत खोल आहे तिथे तो पहिल्या ओव्हरसाइजमध्ये निघतो का, हे बोअर गेजने पाहावे लागेल, म्हणून पिस्टन घेण्याआधी ब्लॉक एकदा दाखवा आणि मगच कोणता साइज शोधायचा ते ठरवा. नाना पेठेची फेरी त्यानंतर करा.

ब्लॉकबरोबर तिन्ही मेन कॅप आणि त्यांचे बोल्ट आणा. कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळूनच बोअर केला, तर ब्लॉक चालू इंजिनात असतो त्या ताणात राहतो. चारही कनेक्टिंग रॉड आणा, त्यांची सरळता आणि लहान टोकाचे बुश तपासून देता येतील. क्रँक ग्राइंड करावा लागला तर त्याच अंडरसाइजची बेअरिंग मिळतात याची खात्री आधी करा. जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मापात असतील तर नुसते पॉलिश करून घ्या. गरज नसताना ग्राइंड करून पुढची एक संधी घालवू नका.

ब्लॉक परत नेल्यावर तो केरोसीनने धुऊन समाधान मानू नका. होनिंगची वाळू केरोसीनने निघत नाही, ती धातूच्या रेषांमध्ये बसून राहते आणि नव्या रिंगा पहिल्याच दिवशी खाते. गरम पाणी आणि कपडे धुण्याचा साबण घेऊन ताठ ब्रशने प्रत्येक बोअर घासा. तेलाच्या मार्गांचे प्लग काढून आतूनही बारीक लांब ब्रश फिरवा. मग हवेने वाळवून लगेच तेल लावा, नाहीतर बिडावर गंज धरायला अर्धा तासही लागत नाही. तेल लावल्यावर पांढरे सुती फडके बोअरमध्ये फिरवून पाहा. त्यावर करडा डाग उठत असेल तर पुन्हा साबणाने धुवा, आणि फडके स्वच्छ निघेपर्यंत पिस्टनला हात लावू नका.